वाडा पाडायच्या आधी काय शूट करू?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की प्रत्येकाने आपल्या घराची पाच-दहा मिनिटांची एक फिल्म करून पाहावी, फोनवर केली तरी चालेल. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी दुसरा विषय घ्यायची सोयच राहिली नाही. सगळे घेता आले नाहीत. जे घेतले ते नावं काढून घेतले, घरातल्या गोष्टी आहेत शेवटी.

ताई, आमचा नागपूरच्या महाल भागातला वाडा दसऱ्यानंतर बिल्डरकडे जाऊन राहिला. आम्ही चार भावंडं, सगळ्यांच्या सह्या झाल्या, भांडण काही नाही. आई ७८ वर्षांची आहे आणि लग्न होऊन आली तेव्हापासून याच वाड्यात आहे. मला वाड्याची फिल्म करायची आहे. भाचा म्हणतो ड्रोन भाड्याने आणू आणि मागे जुनं गाणं टाकू. मी दोन दिवस फोनवर सगळ्या खोल्या शूट केल्या, पण पाहिलं तर ते फ्लॅट विकायच्या व्हिडिओसारखं दिसतंय. काय चुकलं?
(एक वाचक, महाल)

दादा, तुम्ही खोल्या शूट केल्या आणि त्यात माणसंच नव्हती, एवढंच चुकलं. हे सगळ्यांचं होतं कारण जाणार आहे ती भिंत, मग आपण भिंतीच्या मागे लागतो. माझंही झालंय. बाबा रेल्वेत होते, आम्ही अजनीच्या क्वार्टरमध्ये वाढलो, ते रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा मी एका मैत्रिणीचा हँडीकॅम मागून आणला आणि चाळीस मिनिटं शूट केलं, अंगणातला आंबा, दारावरचा नंबर, स्वयंपाकघराचा ओटा, छताचे पोपडे, सगळं सगळं. आज त्या चाळीस मिनिटांतलं मी परत परत काय पाहते, तर अकरा सेकंदांचा एक तुकडा. आमचं मागचं दार फुगलेलं होतं, ते आधी थोडं वर उचलून मग गुडघ्याने ढकललं की कडी लागायची. बाबा आईशी काहीतरी बोलत बोलत येतात, दार उचलतात, गुडघा लावतात, कडी घालतात आणि बोलणं न थांबवता पुढे निघून जातात. त्यांचं लक्षच नाहीये दाराकडे. ते क्वार्टर आमच्या मालकीचं कधीच नव्हतं, पण ते दार कसं लावायचं हे जगात फक्त आम्हा पाच जणांना माहीत होतं. आंब्याचं फुटेज मी मुद्दाम लावून कधी पाहिलं नाही.

म्हणून पहिले दोन दिवस फोन खिशात ठेवा आणि एक वही घेऊन ओसरीवर बसा. कोण काय करतं ते लिहा, पण फक्त तेच लिहा जे दुसऱ्या घरात गेल्यावर होणार नाही. माजघराची चौकट बुटकी असेल तर आई तिथे न पाहता वाकते का? जिन्याची कोणती पायरी अंधारातही सगळे टाळतात? किल्ली कोणत्या खुंटीला? जेवायला बोलवायचं तर आवाज कुठून द्यायचा म्हणजे माडीवर पोचतो? विहिरीवर आता पंप बसवला असेल, तरी कोणी जाता येता आत डोकावून पाणी पाहतंच ना? अशा पंधरा-वीस गोष्टी निघतील आणि तीच तुमची शूटिंगची यादी.

मग कॅमेरा कुठे ठेवायचा. तुम्ही उभं राहून, फोन डोळ्यांसमोर धरून, चालत चालत शूट केलं असणार. घर बघायला आलेला गिऱ्हाईक असाच फिरतो, म्हणून ते तसं दिसलं. यासुजिरो ओझू नावाचा जपानी दिग्दर्शक होता, त्याची १९५३ची टोकियो स्टोरी पाहिली तर लक्षात येईल की कॅमेरा फार खाली असतो, जमिनीवर चटई टाकून बसलेल्या माणसाच्या बरोबरीने, आणि बहुतेक वेळा हलतच नाही. त्यांच्या घरात माणसं खाली बसतात. तुमच्या आईही आयुष्यभर पाटावर बसून भाजी चिरत आल्या असतील, मग फोन पाटाच्या उंचीवर काहून नाही ठेवायचा? पुस्तकांची चळत लावा, संत्र्याची रिकामी पेटी ठेवा, तिच्यावर फोन टेकवा आणि हात काढून घ्या. एक शॉट निदान तीस सेकंद चालू द्या. पहिल्या दहा सेकंदांत माणूस कॅमेऱ्याकडे पाहतो, नंतर विसरतो, मग खरं सुरू होतं.

सत्यजित राय यांच्या पथेर पांचालीत (१९५५) ते पडकं घर आपल्याला कोणी फिरून दाखवत नाही. म्हाताऱ्या आत्याचा कोपरा, परस, ओसरी, असं माणसांच्या मागे मागे आपण ते घर शिकतो. शेवटी कुटुंब गाव सोडायला निघतं तेव्हा सामान काढताना अपूला बहिणीने लपवलेली माळ सापडते, तो ती पळत जाऊन तळ्यात टाकतो आणि पाण्यावरचं शेवाळ पुन्हा मिटतं. नंतर रिकाम्या घरात एक साप शिरतो, बस. घर सुटलं हे सांगायला एवढं पुरलं. तुमच्याही फडताळात, कोनाड्यात, माळ्यावर आवरासावरीत काय काय निघेल, ते काढताना कॅमेरा चालू असू द्या, आधी काढून टेबलावर मांडून मग शूट करू नका.

गाण्याचं म्हणाल तर नको, अगदी मनापासून सांगते नको. गाणं टाकलं की वाड्याचा आवाज जातो आणि वाड्याचा आवाज पुन्हा कुठून आणणार? प्रत्येक खोलीत सगळ्यांना एक मिनिट गप्प करून नुसता आवाज रेकॉर्ड करा. आम्ही एडिटिंगवाले याला रूम टोन म्हणतो, दोन शॉट जोडताना मागचा आवाज एकदम तुटू नये म्हणून तो लागतो, पण घराच्या बाबतीत तोच खजिना असतो. कूलरच्या पंपाचं पाणी खसच्या ताट्यांवर टपटपतं तो आवाज, कवेलूंवर पहिला पाऊस पडतो तो, दुपारी कडीचा आवाज. स्लॅबच्या घरात पावसाचा तो आवाज येत नाही.

उजेडाचं आपलं नागपुरी गणित वेगळं आहे. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर अंगण इतकं पांढरं होतं की फोनला काही सुचत नाही, म्हणून बाहेरचं सगळं सहा ते आठमध्ये उरकून घ्या आणि दुपार माजघराला द्या. कवेलूंत काच बसवलेली असेल तर तिथून उन्हाचा पट्टा खाली येतो आणि दुपारभर सरकत जातो. तो एकाच जागेवरून दर अर्ध्या तासाने शूट करा.

आणि दसऱ्याआधी पोळा आहे! म्हणजे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांचे लाकडी नंदीबैल, आणि मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. तुमच्या माडीवरून मिरवणूक दिसत असेल तर त्या दिवशी सगळी भावंडं बोलवा. कॅमेरा रस्त्याकडे लावू नका, पिवळ्या मारबतीचे व्हिडिओ ढीगभर मिळतात. कॅमेरा घरच्यांच्या चेहऱ्यांवर ठेवा, खांद्याला खांदा लावून खिडकीतून वाकलेली माणसं, आणि मागून नुसती आरोळी येऊ द्या, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत.

आता आईबद्दल. त्यांना खुर्चीवर बसवून "आई, कसं वाटतंय" असं विचारू नका, त्या "चांगलं वाटतंय" म्हणतील आणि संपलं. हातात काम असू द्या, तांदूळ निवडत असतील तर निवडू द्या, आणि छोटं विचारा, ही खुंटी कोणी ठोकली, पहिल्या रात्री तुला कोणत्या खोलीत झोपवलं होतं. त्यांचं बोलून झालं की मनात दहा आकडे मोजा, मगच पुढचं विचारा, कारण मोठी गोष्ट बहुतेक त्या दहा आकड्यांतच येते. गर्म हवा पाहिलाय का, एम. एस. सथ्यू यांचा? फाळणीनंतरच्या आग्र्यातलं कुटुंब, हवेली कागदोपत्री पाकिस्तानात गेलेल्या मोठ्या भावाच्या नावावर, त्यामुळे हातातून जाते. निघायच्या वेळी म्हातारी आजी कुठे दिसेचना, तर ती सरपणाच्या खोलीत लपून बसलेली सापडते. मग शेवटच्या घटका आल्यावर तिला पालखीत बसवून त्याच हवेलीत आणतात. तुमच्या आईने सही केली असेल, हो म्हटलं असेल, पण त्या लपून बसाव्यात अशी एखादी जागा वाड्यात असेलच. ती कोणती हे त्यांना विचारा.

ड्रोनचं भाच्याचं मन मोडू नका, एक शॉट घ्या. पण तो वाडा तसा वरून कवेलू फेरायला चढणाऱ्या माणसाशिवाय घरातल्या कोणी पाहिलेला नाही हे ध्यानात ठेवा.

नमस्कार मॅडम, मी इंजिनीअरिंगला आहे, आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबने "माझं घर" असा टॉपिक दिलाय. आम्ही पहिल्यापासून भाड्याने राहतो, मला आठवतात तेवढी नऊ घरं झाली, सगळी नागपुरातच. बाकीच्यांकडे आजीचं गाव, वाडा, शेत सगळं आहे. माझ्याकडे शूट करायला काहीच नाही.
(एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

तुझ्याकडे नऊ दारं आहेत रे! आईला स्कूटीवर मागे बसव आणि एका रविवारी नऊही घरांसमोर घेऊन जा. आत जायचं नाही, बेल वाजवायची नाही, रस्त्याच्या पलीकडून दाराचा एक स्थिर शॉट घ्यायचा आणि आईला बोलू द्यायचं. ती सांगेल इथे नळ पहाटे चारला यायचा, इथे तुला कांजिण्या झाल्या, इथली घरमालकीण संध्याकाळी सातनंतर मिक्सर लावू द्यायची नाही. मग घरी येऊन तेच नऊ शॉट बाबांना दाखव आणि त्यांनाही बोलू दे. दोघांचं जमणार नाही, कोणतं घर कोणत्या साली यावर वाद होईल, तो वाद कापू नको.

दुसरं म्हणजे सामान. नऊ वेळा घर बदललं तर काय काय नऊही वेळा सोबत आलं ते काढ. देव आले असतील, मसाल्याचा डबा आला असेल, एखादं कॅलेंडर असेल जे जुनं झालं तरी देवाचा फोटो म्हणून लावलंय. नवीन घरात गेल्यावर आई सगळ्यात आधी काय करते? काहींकडे दूध उतू जाऊ देतात, काहींकडे आधी देव बसवतात, माझी एक मावशी बाकी सामान ट्रकमध्येच असताना पहिल्यांदा झाडू आणि मीठ आत नेते. तुमचं जे काही असेल ते नऊ वेळा तसंच झालंय, नऊ वेगवेगळ्या भिंतींमध्ये. गॅसचं पुस्तक, रेशन कार्ड, तुझे शाळेचे दाखले काढून बघ, खोडलेले पत्ते असतील. ते क्लोजअपमध्ये घे, अक्षर वाचता येईल इतका वेळ.

वाडावाल्यांच्या फिल्म चांगल्याच होतील, पण मला विचारशील तर तुझी जास्त नवी होईल, कारण नागपुरात भाड्याने राहणारे इतके लोक आहेत आणि त्यांच्या घराची गोष्ट कोणी सांगतच नाही.

ताई, मी तीन वर्षांपासून जर्मनीत आहे, आई-बाबा मनीष नगरला. घराची फिल्म करायची तर घर तिकडे आणि मी इकडे. माझ्याकडे फक्त आईच्या व्हॉइस नोट्स आहेत, शेकडो. त्यातून काही होईल का?
(एक वाचक, स्टुटगार्ट)

होईल, आणि झालेलं आहे. शांताल आकरमन ही बेल्जियमची दिग्दर्शक, विशीत न्यूयॉर्कला राहायला गेली, आई ब्रुसेल्सहून पत्रं लिहायची. त्या पत्रांची तिने न्यूज फ्रॉम होम नावाची फिल्म केली, १९७७ची. पडद्यावर फक्त न्यूयॉर्क आहे, रस्ते, गल्ल्या, मेट्रोचे डबे, आणि त्यावर ती स्वतः आईची पत्रं वाचते. तब्येत सांभाळ, पत्र का नाही आलं, अमक्याचं लग्न ठरलं, पैसे पाठवलेत. मध्येच गाडी धडधडत जाते आणि पत्रातले शब्द ऐकूच येत नाहीत. त्या फिल्ममध्ये घर एकदाही दिसत नाही आणि तरी दीड तास आपण त्या घरातच असतो असं मला वाटलं होतं.

तुझ्याकडे तर आईचा खरा आवाज आहे. तू तुझ्या रोजच्या जागा शूट कर, ट्रामचा स्टॉप, लाँड्री, सुपरमार्केटची रांग, खिडकीतून दिसणारं समोरचं छप्पर, आणि त्यावर आईला बोलू दे, "अगं जेवली का, आज गोळाभात केला होता, तुझ्या बाबांनी दोनदा घेतला." व्हॉइस नोटच्या मागे जे आहे ते साफ करू नको, कुकरची शिटी, भंगारवाल्याची आरोळी, टीव्हीवरची मालिका, अॅप नॉइज म्हणून हेच काढून टाकेल आणि तुझं घर तर तेच आहे.

एक काम मात्र आजच कर. या नोट्स व्हॉट्सअॅपमध्ये पडून राहू देऊ नको, फोन बदलला किंवा बिघडला आणि बॅकअप नसला की गेल्या. एकेक निवडून बाहेर काढ, त्या ओपस फाइल असतात, तारखेने नाव देऊन लॅपटॉपवर, एका वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक कॉपी ऑनलाइन, अशा तीन जागी ठेव. आणि आईला सांग की फिल्म करतेय. तिला कळलं की ती दोन दिवस साडी नेसून बोलल्यासारखं बोलेल, होऊ दे, तिसऱ्या दिवशी परत जेवली का वर येईल.

आजीने जात्यावर दळणं वीस-बावीस वर्षांपूर्वीच सोडलं. फिल्मसाठी मी तिला पुन्हा बसवलं, तिने ओवीही म्हटली, फार सुंदर आलंय. पण मित्र म्हणतो ही फसवणूक आहे. आहे का?
(एक वाचक, सक्करदरा)

हा वाद फिल्मच्या इतिहासाइतका जुना आहे. रॉबर्ट फ्लाहर्टीची नानूक ऑफ द नॉर्थ, १९२२ची, बर्फाच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची. इग्लूच्या आत उजेड पुरेना आणि कॅमेऱ्याला जागा होईना, म्हणून मोठा इग्लू बांधला आणि त्याची एक बाजू कापून उघडी ठेवली. ते कुटुंब आपल्याला घरात झोपताना दिसतं, प्रत्यक्षात ती माणसं उघड्यावर थंडीत झोपायचं दाखवत होती. बघणाऱ्याला हे कळत नाही, माझा आक्षेप तेवढाच आहे.

तुझ्या आजीचं तसं होऊ नये एवढं बघ. आजी जात्याशी बसायच्या आधी काय बोलली, "आता कशाला रे, गुडघे दुखतात", खुंटा सापडत नव्हता, जातं परसातून ओढून आणलं, त्यात कुंडी ठेवली होती, हे सगळं शूट झालं असेल तर फिल्ममध्ये ठेव. नसेल झालं तर तुझ्या आवाजात एक वाक्य टाक. मग ती ओवी आणखी चांगली वाटेल, कारण वीस वर्षांनी तिच्या हाताला ती कशी आठवली हे आपण पाहत असू.

दोन छोटे प्रश्न बऱ्याच जणांचे आले, एकत्रच घेते.

ट्यूबलाइटखाली शूट केलं की व्हिडिओत पट्टे सरकतात: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा, पट्टे जातील. प्रो मोड नसेल तर खिडकीशी बसा.

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवर पांढरी बुरशी आली आहे: व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी साफ करून घ्या, मग डिजिटल. आणि लवकर करा, नवीन व्हीसीआर बनणं २०१६मध्येच बंद झालं, चालू मशीन कमीच होत जाणार.

ताई, मी आमच्या घरावर फिल्म केली. त्यात वाटणीच्या बोलण्याचा एक सीन आला, फोन टेबलावर चालू राहिला होता. बहीण रडते, भाऊ उठून जातो. फिल्मचा सगळ्यात खरा भाग तोच आहे. ठेवू का? भाऊ म्हणतो घरातली धुणी बाहेर कशाला.
(एक वाचक, धंतोली)

तुमच्या शहरातल्याच महेश एलकुंचवारांचं वाडा चिरेबंदी १९८५ला रंगमंचावर आलं. तात्याजी गेले, तेराव्यासाठी सगळे जमले, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि खर्च कोणी करायचा, दागिन्यांचं काय, यावरून एकेक माणूस उघडं पडत जातं. भांडण वगळून त्या वाड्याची गोष्ट सांगताच आली नसती. म्हणजे भावाचं म्हणणं मला पटत नाही, वाटणी हा घराचाच भाग आहे आणि आपल्याकडे तर फार मोठा भाग आहे.

पण नाटकातली माणसं लेखकाने रचलेली होती, तुमची बहीण खरी आहे आणि फोन चालू आहे हे तिला माहीत नव्हतं. इथे माझं मत पक्कं आहे, तिच्या होकाराशिवाय तो सीन जाऊ नये, फिल्म कितीही अधुरी राहिली तरी. आणि होकार फोनवर घेऊ नका. लॅपटॉप घेऊन तिच्याकडे जा, तिला एकटीला दाखवा, भाऊ नको, भावजय नको, आणि दाखवून झाल्यावर तुम्ही थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जा. मी एकदा अशीच एका काकूंना त्यांचाच तुकडा दाखवला होता, मला वाटलं त्या रडणं काढायला सांगतील, तर त्या म्हणाल्या रडणं राहू दे, फक्त मी सासूबाईंबद्दल जे बोलले ते वाक्य काढ, त्या आता नाहीत उत्तर द्यायला. एवढा बारीक विचार मी एडिटिंग करताना केलाच नव्हता.

बहीण काय म्हणाली ते मला कळवा. आणि नाही म्हणाली तरी ती फाइल डिलीट करू नका, पेन ड्राइव्हवर घालून तिलाच द्या.